जितक्या हाका तितके घास

माझ्या सासऱ्यांच्या माशाला घरात सगळे जावईबापू म्हणत. नाव सासूबाईंनी ठेवलं होतं. दिवसभर अंधारात लोळायचं, समोर येईल ते बसल्या जागी गिळायचं, आपल्या जातीचा दुसरा कुणी शेजारी खपवून घ्यायचा नाही, आणि कुणी चुकून हात लावलाच तर त्याच्या खांद्यापर्यंत मुंग्या आणायच्या. "जावई नाही तर काय?" सासूबाई म्हणायच्या. घरात मुलगी नव्हती, त्यामुळे हे ऐकून रुसायला खरा जावईही नव्हता.

हा आफ्रिकेतल्या नद्यांमधला मासा. मिशीवाल्या कॅटफिशच्याच जातीतला, पण अंगात वीज बाळगून असलेला. बोटीवरच्या एका वायरलेसवाल्याने गाव सोडताना तो बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, दिला, तेव्हा म्हणे बोटाएवढा होता. मी लग्न होऊन आले तोवर हातभर झाला होता. दिसायला अगदी ओंगळ, हे मी आजही म्हणेन. गुंडाळलेल्या उशीसारखं राखाडी, मऊ अंग, त्यावर शाई सांडल्यासारखे काळे डाग, पाठीवर पर नाही, जाडजूड ओठ, ओठांभोवती सहा मिशा आणि टाचणीच्या डोक्याएवढे डोळे. त्या डोळ्यांनी त्याला फारसं दिसत नसे, आणि गढूळ पाण्यात दिसून करायचंय काय? तो मिशांनी चाचपायचा आणि विजेने मारायचा. ही वीज कातडीखाली, सगळ्या अंगभर. "त्याचा झटका त्याला स्वतःला लागत नाही," बाबा कौतुकाने सांगायचे. "अशी माणसंही असतात," असं म्हणून सासूबाई त्यांच्याकडेच बघायच्या.

बाबा आणखी एक गोष्ट सांगायचे. तिकडच्या नद्यांवर कोळ्यांच्या जाळ्यात हा मासा सापडला, की त्याच जाळ्यातले बाकीचे मासे आधी गिळलेलं सगळं ओकून टाकतात. त्याच्या झटक्याने पोटातलं बाहेर येतं. "याच्या शेजारी कुणाच्या पोटात काही राहत नाही," बाबा म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. मला ते ऐकून कसंतरी व्हायचं.

घराचा खालचा मजला म्हणजे बाबांचं रेडिओ आणि अॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान. मागच्या भिंतीला माशाची काचेची टाकी होती. टाकीच्या पाण्यात दोन स्टीलच्या पट्ट्या सोडलेल्या, पट्ट्यांना वायर, ती वायर भिंतीच्या कडेने पलीकडच्या फळीवरच्या जुन्या अॅम्प्लिफायरला जाई, आणि त्याला एक स्पीकर. मासा वीज सोडायचा आणि स्पीकर कडकडायचा. वायर अगदी साधी, तात्पुरती म्हणून लावलेली; आमच्या घरात तात्पुरतं केलेलं काम जन्मभर टिकतं. गिऱ्हाईकं दचकायची. "घाबरू नका, जावई हाका मारतोय," बाबा सांगायचे. मग उठून टाकीशी जायचे, मासा त्याच्या मातीच्या नळातून बाहेर आलाय का ते बघायचे आणि मगच एका कडकडाटाला एक असे सुरमईचे तुकडे टाकायचे. जितक्या हाका तितके घास, हा त्यांचा नियम.

घरात दुसरा आवाज घंटीचा होता. सासूबाई वरून ओरडायच्या, "जेवायला येताय का?" बाबांच्या दातांत कायम एखादा स्क्रू नाहीतर वायरचं टोक. तोंडाने उत्तर देणार कसं? म्हणून टेबलाखाली त्यांनी एक घंटी बसवली होती. एकदा वाजली की हो, दोनदा वाजली की नाही. तीही लगेच वाजेल तर शपथ. हातातलं काम एका ठिकाणी आणल्याशिवाय ते उत्तर देत नसत. दोनदा वाजली की सासूबाई ताट झाकून ठेवायच्या आणि स्वयंपाकघरात भांडी आपटायच्या. मी त्यांचा संसार पाहिला तो असा, एका जिन्याच्या दोन टोकांना. पण घंटी वाजायची वाट बघताना सासूबाई हातातलं काम थांबवायच्या, हेही मी पाहिलं होतं.

लग्नानंतर काही काळ मी दुकानात बसत होते. नवरा बस डेपोच्या ऑफिसात, त्याला या पसाऱ्याचा तिटकारा. मला मात्र उघडी पडलेली यंत्रं बघायला आवडायचं. बाबांनी मला पहिला धडा दिला तो मीटरचा नव्हे, बोटाचा. "मेलेला अॅम्प्लिफायर आला की घाबरायचं नाही," ते म्हणाले. "आत जाणाऱ्या वायरच्या टोकाला नुसतं बोट लावायचं. घुरघुरला, तर समजायचं आत जीव आहे. बाकीचं मग सावकाश बघू." मी बोट लावलं. स्पीकर घुर्रर्र करून उठला आणि मी किंचाळले. बाबा इतके हसले की खुर्चीतून घसरले. पुढे मी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात नोकरीला लागले. तिथे कुणी बोट लावून जीव ओळखत नाही, आणि मीही तो धडा विसरून गेले.

एका सकाळी बाबा त्या टेबलावरच कोसळले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. इस्पितळातून घरी आणले ते न बोलणारे, न हलणारे, नाकात नळी घातलेले. डोळे अर्धे उघडे आणि कायम छताकडे लागलेले. जिन्याने वर नेणं शक्यच नव्हतं. म्हणून दुकानातलं टेबल हलवलं आणि पलंग मागच्या भिंतीला टेकवून लावला, एका बाजूला टाकी आणि दुसऱ्या बाजूला अॅम्प्लिफायरची फळी. शटर आता कधी उघडत नव्हतं. माशाला उजेड नको आणि बाबांना लोकांची वर्दळ नको, म्हणून भर दुपारीही त्या खोलीत संध्याकाळच असायची.

त्यांचा डावा अंगठा कधीकधी हलायचा. मी डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी वाकून मोठ्याने सांगितलं, "आजोबा, अंगठा हलवा." थोडं थांबले, पुन्हा सांगितलं. अंगठा हलला नाही. "स्नायूंना झटके येतात असे," ते म्हणाले. "आत काही पोचत असेल असं मला वाटत नाही. पण छातीठोकपणे सांगणार नाही." पहिलं वाक्य नवऱ्याने धरून ठेवलं, दुसरं मी. सासूबाईंनी एकही धरलं नाही. बाबांचा तो हात पलंगावरून लोंबू नये म्हणून त्यांनी तो गादी आणि भिंत यांच्या फटीत नीट ठेवला आणि वरून चादर ओढली. कूस बदलली, अंग पुसलं, तरी हात पुन्हा तिथेच ठेवायच्या. बाबा थोडे शांत वाटतात असं त्यांचं म्हणणं होतं.

आत माणूस आहे की नाही, या एका प्रश्नापाशी आमचं घर येऊन अडलं होतं. नवरा म्हणायचा, नसतील तर आपण कुणाची सेवा करतोय? आईची कंबर पार गेली त्यांना उचलून उचलून. दुसऱ्या गावी अशा रुग्णांना कायमचं ठेवून घेणारी संस्था होती आणि तिथे जागा झाली होती. सोमवारी गाडी येणार असं ठरलं. त्याने हे दुष्टपणाने ठरवलं असं मी म्हणणार नाही. वडिलांचं तोंड तोच पुसायचा, दाढीही तोच करायचा. पण गाडीचं, संस्थेचं, 'अजून किती दिवस'चं सगळं बोलणं चालायचं ते त्यांच्या उशाशी उभं राहून. ऐकणारं कुणी नाही असं एकदा धरून चाललं, की माणूस कुठेही काहीही बोलतो. मीही बोलले असेन.

याच दिवसांत जावईबापू फार बोलायला लागले.

आणि त्यांचा आवाज बदलला. पूर्वीचा कडकडाट वाळक्या काटक्या मोडल्यासारखा, झटपट आणि कोरडा. आता स्पीकरमधून घुर्रर्र असं काहीतरी यायचं, जड आणि लांबट. "त्यालासुद्धा कळतं गं," सासूबाई म्हणाल्या. "मालकाच्या दुःखाने घसा बसलाय त्याचा."

"माशाला घसा कुठे असतो, आई?"

"तुला सासऱ्याचं दुःख नाही, म्हणून माशालाही नसावं का?"

माशाला खायला घालायचं काम सासूबाईंनी आपल्या अंगावर घेतलं होतं. टाकीच्या कडेवर तुकड्यांची वाटी असायची. घुर्र झालं की त्या न बघता हात घालायच्या आणि तुकडा टाकून द्यायच्या. त्याला काही वेळकाळ नव्हता. सकाळी खिडकीचा पडदा सरकून बाबांच्या तोंडावर ऊन आलं की त्याच सुमाराला घुर्र. नळीतून पेज जरा भरभर सोडली गेली की इकडे घुर्र. "आला वाटतं पेजेचा वास याला," सासूबाई म्हणायच्या आणि तुकडा टाकायच्या. बाबा आधी बघायचे आणि मग टाकायचे. ते 'आधी बघायचं' आमच्या घरातून बाबांबरोबरच गेलं होतं.

एका सकाळी मी खोलीत एकटी होते. सासूबाई वर आंघोळीला गेल्या होत्या. बाबांच्या पायाला तेल लावत असताना स्पीकर घुरघुरला. काय वाटलं कोण जाणे, मी टाकीशी गेले आणि वाकून बघितलं. मासा नळात पडून होता. पोट टम्म फुगलेलं, मिशा खाली पडलेल्या. तो वीज सोडायचा तेव्हा त्याच्या अंगाला एक बारीक हिसका बसायचा, हे मी शंभरदा पाहिलं होतं. मी त्याच्याकडे टक लावून बघत राहिले. तो तसूभरही हलला नाही आणि माझ्या पाठीमागे स्पीकर पुन्हा घुरघुरला.

बाबाच सांगायचे, पोट भरलं की हा दिवसच्या दिवस आवाज करत नाही, नुसता झोपतो. मग हे बोलतंय कोण? मी खोलीत सगळीकडे पाहिलं. फळीवर अॅम्प्लिफायरचा लाल दिवा, पलंगावर छताकडे लागलेले डोळे, आणि पाण्यात तो झोपलेला गोळा. मी तेलाची वाटी तिथेच टाकून जिन्यावर जाऊन बसले, आणि सासूबाई खाली येईपर्यंत आत गेले नाही.

"स्पीकर बिघडलाय," मी संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं. भीती वाटली असं सांगायची लाज वाटली.

"मग बंद करून टाक."

"काही बंद करायचं नाही," सासूबाई आतून ओरडल्या. "त्या खोलीत मला सोबत तेवढीच आहे."

ती सोबत कसली होती, हे मला नंतर एका दुपारी कळलं. मोबाइलच्या दुकानात दिवे गेले म्हणून मी लवकर घरी आले. बाजूच्या दाराने आत शिरले तर सासूबाई पलंगाशी स्टुलावर बसल्या होत्या. बाबांचं पाऊल मांडीवर घेतलं होतं आणि त्याच्याशीच बोलल्यासारखं हळू बोलत होत्या. "सुटा हो आता. किती दिवस असे अडकून राहणार? माझी काळजी करू नका, मी राहीन. मुलगा आहे, सून तोंडाळ आहे पण वाईट नाही. जाता ना? जा आता."

मी दारातच थबकले. बराच वेळ काही झालं नाही. मग स्पीकर घुरघुरला, आणि जरा थांबून पुन्हा एकदा. सासूबाईंनी निःश्वास टाकला, पाऊल खाली ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि टाकीत दोन तुकडे टाकले. "घे बाबा. तुझं एक बरं आहे. हाक मारलीस की मिळतं," त्या माशाला म्हणाल्या. वळल्या तेव्हा मी दिसले.

"रोज सांगते त्यांना," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "माझ्याच्याने बघवत नाही गं. ऐकू जात असतं तर अशी बोलले असते का मी?"

मी त्यांना जवळ घेतलं. आमच्यात तसं जवळ घेणं वगैरे फार नव्हतं, म्हणून दोघीही जरा अवघडलो.

शनिवारी सकाळी मासा मेला. उलटा तरंगत होता, पांढरं पोट वर, आणि टाकीतलं पाणी ताकासारखं गढूळ. नवऱ्याने रबरी हातमोजे घातले, मेलेलं असलं तरी या प्राण्याचा भरवसा नाही म्हणून लाकडी फळीने त्याला उचललं, आणि तो तिरका होताच त्याच्या तोंडातून तुकडे बाहेर पडले. एकामागून एक, अख्खेच्या अख्खे, पांढरे फटक. नळाच्या मागेही तसल्याच तुकड्यांचा ढीग होता, कुजलेला, हात घालवेना असा. नवऱ्याने तोंड फिरवलं.

"हा मागतच नव्हता," मी म्हटलं. "कधीचा मागत नव्हता. याला भूकच नव्हती."

"मग हाका कशाला मारत होता मेला?" सासूबाई म्हणाल्या. हे त्या रागाने बोलल्या, कारण त्यांना रडू येत होतं. पण तो प्रश्न खोलीत तसाच राहिला. नवऱ्याने मासा कागदात गुंडाळून मागच्या अंगणात पुरला. टाकीतलं पाणी उपसायचं दुसऱ्या दिवसावर टाकलं आणि स्पीकर बंद करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

रविवारी दुपारी आम्ही तिघं त्या खोलीत बाबांची बॅग भरत होतो. पायजमे, बनियन, औषधं, त्यांचा चष्मा. चष्मा कशाला, असं नवरा म्हणाला, आणि तरीही सासूबाईंनी तो बॅगेत घातला. तेवढ्यावरून दोघांचं थोडं वाजलं. मग नवरा बॅगेची चेन लावता लावता म्हणाला, "आई, रडू नकोस. उद्या सकाळी गाडी येईल. बाबांना काय, इथे काय आणि तिथे काय. त्यांना कुठे कळणार आहे?"

सासूबाई पायजम्याची घडी पुन्हा पुन्हा घालत होत्या.

मग स्पीकर घुरघुरला. थांबला. पुन्हा घुरघुरला.

सासूबाई सवयीने उठल्या, टाकीशी गेल्या आणि वाटीत हात घातला. वाटी रिकामी होती. तशाच त्या पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या. पाणी गढूळ आणि स्थिर होतं. त्यात काहीही नव्हतं.

"अगं आई गं," त्या अगदी हळू म्हणाल्या. "उपाशी गेला की काय तो? अजून मागतोय."

नवऱ्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. "वायर खराब झाली असेल," तो म्हणाला. "थांबा, बंदच करतो." तो अॅम्प्लिफायरकडे गेला. त्याचा हात बटणापर्यंत पोचला आणि मी ओरडले, "थांब!"

का ओरडले हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. मी टाकीतल्या त्या दोन स्टीलच्या पट्ट्या पाण्यातून वर काढल्या आणि बाहेर कडेवर ठेवल्या. स्पीकर नुसता भणभणू लागला, बारीक आणि एकसारखा. मोकळ्या वायरचा आवाज असाच असतो. आता टाकीत मासा नव्हता आणि वायरला पाणीही नव्हतं. आणि त्या भणभणीच्या वर, पहिल्यापेक्षा मोठा, पुन्हा तो आवाज आला. घुर्रर्र. घुर्रर्र. नवरा मागे सरकला तो भिंतीवर आदळला.

मला मात्र तो आवाज ओळखू आला. इतके आठवडे मी तो माशाचा म्हणून ऐकत होते, म्हणून ओळखला नव्हता. याच खोलीत, याच स्पीकरमधून, मी नवी नवरी असताना किंचाळले होते तो हा आवाज.

"हे बोट आहे," मी म्हटलं.

"कुणाचं?" नवऱ्याने विचारलं.

वायरच्या जवळपास कुणीही उभं नव्हतं. मला इतकी भीती कधी वाटली नव्हती, खरं सांगते. मी वायरला हात लावला नाही, नुसती डोळ्यांनी तिच्या मागे मागे गेले. टाकीपासून भिंतीच्या कडेने, खिळ्यांवरून, खाली उतरत, आणि मग पलंगाच्या मागे, गादी आणि भिंत यांच्या फटीत. मी चादर वर केली.

बाबांचा डावा हात तिथे होता, सासूबाई ठेवायच्या तसाच. अंगठ्याखाली वायर होती. वायरवरचं जुनं प्लास्टिक बोटभर लांबीचं खरवडून काढलेलं होतं आणि आत तांबं चकचकत होतं. अंगठ्याचं नख एका बाजूने झिजून मांसापर्यंत गेलं होतं. किती दिवस खरवडलं असेल त्यांनी? मी बघत असतानाच तो अंगठा थरथरत वर उचलला गेला, जेमतेम कागद सरकेल इतका, आणि पुन्हा तांब्यावर पडला. स्पीकर घुरघुरला.

"बाबा," मी म्हटलं. "बाबा, तुम्ही?"

काहीच झालं नाही. नवरा म्हणाला, "झटका असेल गं, डॉक्टर म्हणाले ना..." आणि मी त्याला हाताने गप्प केलं. बाबांचं उत्तर कधी लगेच यायचं का? आम्ही थांबलो. रस्त्यावरून एक गाडी गेली. मग आवाज आला. एकदा.

नवरा पलंगापाशी येऊन बसला. तो वडिलांच्या कानाशी वाकून इतका ओरडला की मी दचकले. "बाबा, उद्या... उद्या जायचं आहे का तुम्हाला तिकडे?" आणि या वेळी उत्तर लवकर आलं. दोनदा. नवऱ्याने कपाळ पलंगाच्या लोखंडी कडेवर टेकलं आणि लहान पोरासारखा रडायला लागला. "चुकलं बाबा, चुकलं माझं," एवढंच म्हणत राहिला. मीही रडत होते, पण मला आनंदही होत होता, अगदी वेड्यासारखा आनंद. आत माणूस होता! सगळा वेळ होता. उन्हाचा त्रास होतोय, पेज सावकाश घाला, मला पाठवू नका, सगळं सांगत होता, आणि त्याचं सगळं म्हणणं त्या माशाच्या पोटात गेलं होतं.

मी हसत, रडत सासूबाईंकडे वळले. मला वाटलं होतं त्या धावत येतील.

त्या टाकीपाशीच उभ्या होत्या. रिकामी वाटी हातात तशीच.

"आई, या ना," मी म्हटलं. "बोला त्यांच्याशी. ऐकतायत ते."

त्या दोन पावलं पुढे आल्या आणि थांबल्या. "अहो," त्या म्हणाल्या. जिन्यावरून हाक मारायच्या तो आवाज नव्हता हा. "मी दुपारी बोलायचे तुमच्याजवळ बसून. ते... ते ऐकू यायचं तुम्हाला?"

आम्ही थांबलो. नवऱ्याचं रडणंही थांबलं.

एकदा वाजलं.

सासूबाईंनी मान हलवली, रस्त्यात कुणी पत्ता सांगितल्यावर हलवावी तशी. मग त्या माझ्याकडे वळल्या. बाबांकडे त्यांच्याने बघवत नव्हतं. "रोज विचारायचे गं मी," त्या म्हणाल्या. "जाता ना, म्हणून विचारायचे. रोज दोनदा वाजायचं. एक दिवस चुकला नाही. दोनदा वाजायचं आणि मी..." त्यांनी वाटीत बघितलं. "मी दोन तुकडे टाकायचे."

तेवढ्यात स्पीकर पुन्हा सुरू झाला. एकदा वाजला म्हणून आम्ही ऐकत राहिलो, पण तो थांबेना. अंगठा तांब्यावर दाबून धरलेला होता आणि उचलला जात नव्हता. घुरघुर खोलीभर पसरली, टाकीतलं गढूळ पाणी तिने थरथरायला लागलं. तो राग होता, की रडणं होतं, की बाबा सासूबाईंना जवळ बोलावत होते? एकदा म्हणजे हो आणि दोनदा म्हणजे नाही, एवढंच आमच्या घरात ठरलेलं होतं. सासूबाई वाटी हातात धरून ते ऐकत उभ्या राहिल्या.